चालक-यंत्रचालक: बंबाच्या स्टेअरिंगवर बसण्याआधी काय शिकायचं

अग्निशमन दलातल्या नेमणुकीच्या पत्रावरचं पदाचं नाव एकदा नीट वाचा. ‘चालक-यंत्रचालक’ असं लिहिलेलं असेल. नव्याने आलेली बहुतेक मुलं त्यातला पहिलाच शब्द वाचतात. ट्रक चालवलाय, टँकर चालवलाय, हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात, मग बंबात वेगळं काय असणार, असं त्यांना वाटतं. वेगळं आहे ते दुसऱ्या शब्दात. गाडी जागेवर थांबली की ट्रकचालकाचं काम संपतं, तुमचं तिथून सुरू होतं. होज (पाण्याची लवचीक नळी) घेऊन धुरात गेलेले दोन जवान तुम्हाला दिसत नसतात आणि त्यांना तुम्ही दिसत नसता. त्यांच्या हातातल्या ब्रँचला, म्हणजे होजच्या तोंडाला लावलेल्या फवाऱ्याच्या नळीला, पाणी येत राहणं हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं.

मोठ्या महानगरपालिकेत एका वर्दीवर, म्हणजे आगीच्या किंवा मदतीच्या एका खबरीवर, तीन-चार गाड्या सुटतात. नगरपरिषदेच्या दलात बहुधा एकच मोठी गाडी, पाळीला चार-पाच माणसं, आणि मदत लागली तर ती शेजारच्या तालुक्याहून किंवा जवळच्या साखर कारखान्याच्या बंबातून येणार. ती येईपर्यंत जे करायचं ते आपणच. म्हणून छोट्या गावातल्या चालकाला मोठ्या शहरातल्या चालकापेक्षा जास्त गोष्टी याव्या लागतात. राज्याच्या प्रशिक्षण केंद्रातला सहा महिन्यांचा कोर्स तुम्ही केला असेल तर पाया तयार आहे. तो नसेल आणि थेट चालक म्हणून आला असाल, तर पुढचा क्रम अधिक काटेकोरपणे पाळा.

पहिला आठवडा: इंजिन बंद ठेवून

पहिले सात-आठ दिवस चावी मागू नका. गाडीभोवती फिरा. प्रत्येक लॉकर उघडा, आत काय आहे ते हाताने उचलून बघा, परत जागच्या जागी ठेवा. ब्रँच, नोझल, डिव्हायडिंग ब्रीचिंग (एका होजचे दोन फाटे करणारा जोड), सक्शन रेंच (सक्शन नळीचे जोड आवळायचा पाना), हायड्रंटची चावी, दोर, कुऱ्हाड, आकडी, बोल्ट कटर, बी. ए. सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा), फोमचे कॅन. मग मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला वस्तूचं नाव घ्यायला सांगा आणि डोळे मिटून योग्य लॉकरवर हात ठेवा. पोरखेळ वाटेल. पण रात्री अडीच वाजता, पावसात, बॅटरी तोंडात धरून सक्शन रेंच शोधायची वेळ आली की हाच खेळ उपयोगी पडतो.

याच आठवड्यात गाडीची मापं पाठ करा. उंची, रुंदी, भरलेलं वजन. वळायला किती जागा लागते तेही. उंची तर केबिनमध्ये डोळ्यांसमोर ठळक लिहून ठेवा. गणपतीत आणि लग्नसराईत रातोरात कमानी उभ्या राहतात, काल गेलेली गाडी आज त्याच रस्त्याने जाईलच असं नाही.

आणखी एक आकडा मनात पक्का करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन नुसतं पाणी, आणि ते सिमेंटच्या गोण्यांसारखं एका जागी बसून राहत नाही.

रोज सकाळी, पाळी घेताना

आधीच्या चालकाने ‘सगळं ओके आहे मामा’ म्हटलं तरी तपासणी स्वतः करायची. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. त्याच्या नजरेतून सुटलेलं तुमच्या नजरेला सापडावं, एवढ्यासाठी.

इंजिन ऑइल, कूलंट, डिझेल, बॅटरी, टायर, दिवे, सायरन, वायपर. एअर ब्रेकची हवा भरायला किती वेळ लागतो आणि गाडी उभी असताना ती किती लवकर उतरते, याकडे विशेष लक्ष द्या. रात्रभरात हवा पूर्ण उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. अशी गाडी वर्दी आल्यावर लगेच सुटत नाही, दाब भरेपर्यंत ब्रेक मोकळेच होत नाहीत. टाकीची पातळी काचेच्या नळीत डोळ्यांनी बघायची. मग दोन मिनिटं पंप चालवायचा, दाबाचा काटा वर येतो का बघायचं, आणि प्रत्येक कपलिंगमधल्या (नळ्या जोडायच्या सांध्यातल्या) वॉशरवरून बोट फिरवायचं.

वॉशरवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली होती. टाकीतलं पाणी संपत आलं म्हणून मी शेजारच्या शेततळ्यात सक्शन, म्हणजे पाणी उचलायची नळी, टाकलं. प्रायमर (नळीतली हवा काढणारं यंत्र) चालवला, काटा हललाच नाही. पुन्हा चालवला. तोवर टाकी संपली आणि पुढे ब्रँच धरलेल्या जवानाच्या हातातला होज मऊ पडला. सक्शनच्या एका जोडात वॉशरच नव्हता, तिथून हवा आत येत होती. जोड शोधून दुसरा वॉशर बसवेपर्यंत आग बाजूच्या गंजीवर गेली. माणसं आणि जनावरं आधीच बाहेर काढलेली होती, म्हणून निभावलं. त्या शेतकऱ्याचा वर्षाचा चारा मात्र गेला. सकाळी अर्ध्या मिनिटात कळली असती अशी गोष्ट होती ती. त्या दिवसापासून सुटे वॉशर माझ्या केबिनमध्ये असतात आणि रोजचं बोट फिरवणं चुकलेलं नाही.

वर्दी घेणं आणि टर्न आउट

छोट्या दलात फोनही अनेकदा आपल्यालाच उचलावा लागतो. समोरचा माणूस घाबरलेला असतो, ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवतो. त्याला बोलतं ठेवा. गाव किंवा वॉर्ड, ओळखीची खूण, काय पेटलंय, कुणी अडकलंय का, गॅस सिलिंडर किंवा रसायन आहे का, आणि त्याचा नंबर. गाडी सुटल्यावर स्टेशनवरच्या माणसाने त्या नंबरवर परत फोन करून खात्री करावी आणि एखाद्याला फाट्यावर उभं राहायला सांगावं. वस्त्यांवरच्या वर्दीत फाट्यावर उभा असलेला माणूस कुठल्याही नकाशापेक्षा भरवशाचा असतो.

आता टर्न आउट. घंटा झाल्यापासून गाडी दरवाज्याबाहेर पडेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा. दिवसा मोजा, रात्री झोपेतून उठवून मोजा. बूट आणि कोट कुठे ठेवायचे, कोण दरवाजा उघडणार, चार्जिंगची वायर कोण काढणार, हे ठरलेलं असलं पाहिजे. कोट-हेल्मेट गाडीत चढण्याआधी घालायचं. चालत्या गाडीत कोट चढवणारा जवान सीटबेल्ट लावू शकत नाही. सगळे बसले, पट्टे लागले, असा मागून आवाज आल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. मागच्या पायरीवर लटकून कुणी येत असेल, मग तो कितीही जुना माणूस असो, गाडी हलवू नका.

हे इतकं सांगायचं कारण एका साध्या हिशोबात आहे. तीन किलोमीटर अंतर ताशी ६० किलोमीटरने गेलात तर तीन मिनिटं लागतात, ४० ने गेलात तर साडेचार. फरक दीड मिनिटाचा. आणि तोही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर, जो कधीच मिळत नाही. पण ६० च्या वेगात गाडीच्या अंगात ४० च्या सव्वादोन पट जोर असतो. तो सगळा जोर ब्रेकला जिरवावा लागतो, आणि तुमचा पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. दीड मिनिट वाचवायचं असेल तर ते टर्न आउटमध्ये वाचवा. रस्ता न चुकता वाचवा, किंवा पोहोचल्यावर पहिल्या झटक्यात पाणी सोडून वाचवा. रस्त्यावर वाचवायला गेलेला चालक कधीकधी पोहोचतच नाही. मग आगही तशीच राहते आणि गाडीतली माणसंही जखमी होतात.

गाव पाठ करणं

सुट्टीच्या दिवशी सायकल किंवा मोटारसायकल घ्या आणि हद्द पालथी घाला. कोणत्या गल्लीत मोठी गाडी शिरते, कुठे फक्त छोटी गाडी जाते आणि कुठून होज ओढतच न्यावा लागतो, ते वहीत लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी कोणता रस्ता बंद असतो, रेल्वे फाटक किती वेळ पडतं, नाल्यावरच्या कोणत्या स्लॅबवर भरलेली गाडी नेऊ नये, लोंबणाऱ्या विजेच्या तारा कुठे आहेत, तेही लिहा. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं तर पलीकडच्या वाड्यांना कोणत्या बाजूने जायचं, हे पुलावर पोहोचून ठरवायची गोष्ट नाही.

दुसरी वही पाण्याची. पाण्याची टाकी, हायड्रंट असतील तर ते, बंधारा, कॅनॉल, शेततळी, विहिरी. प्रत्येकापुढे दोन नोंदी हव्यात: गाडी काठापासून किती अंतरावर उभी राहते आणि मे महिन्यात पाणी काठापासून किती खाली जातं. दुसरी नोंद का हवी ते पंपाच्या भागात येईल.

चालवण्याचा सराव

आता चावी घ्या. शेजारी अनुभवी चालक असलाच पाहिजे. सुरुवात रिकाम्या गाडीने, मोकळ्या मैदानात: ड्रमच्या रांगेतून नागमोडी, अरुंद जागेत उलटी, ठरवलेल्या रेषेवर थांबणं. रिव्हर्स घेताना मागे माणूस उभा हवा आणि तो आरशात दिसत राहिला पाहिजे. दिसेनासा झाला की लगेच ब्रेक. ही सवय सरावात लागली तरच आगीच्या गोंधळात टिकते.

मग टाकी भरून तेच करा. ब्रेकचं अंतर वाढलेलं जाणवेल. आणि मग, सगळ्यात महत्त्वाचं, टाकी अर्धी ठेवून करा. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत ते उसळतं. आत आडवे पत्रे असतात, त्यामुळे उसळी कमी होते, पण थांबत नाही. वळणावर गाडी वळते आणि पाणी सरळ जाऊ पाहतं, ब्रेक दाबला की एका क्षणाने मागून धक्का बसतो. हे मैदानात, २० च्या वेगात, एकदा अंगाने अनुभवा. वर्दीवर जाताना टाकी भरलेली असते. परत येताना ती अर्धी असते, माणसं दमलेली असतात आणि घाई संपल्यामुळे लक्ष सैल झालेलं असतं. परतीचा प्रवास मी जातानाच्या प्रवासापेक्षा जास्त सांभाळून करतो. जवळ पाणी असेल तर तिथेच टाकी भरून निघतो.

घाट किंवा मोठा उतार हद्दीत असेल तर तिथला सराव वेगळा करा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात आणि पकड सुटते, वरचेवर पंप मारले तर हवेचा दाब उतरतो. न्यूट्रल तर कधीच नाही.

सायरन वाजवला म्हणजे रस्ता आपला झाला, असं नसतं. आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे खरं. पण ते कलम आपला धक्का बसलेल्या माणसाला उठवून उभं करत नाही. काचा बंद करून गाणी लावलेल्या कारवाल्याला सायरन फार उशिरा ऐकू येतो. ऐकू आल्यावर काही जण जागीच थांबतात, काही जण गोंधळून नेमके आपल्यासमोर येतात. चौकात सिग्नल तोडायची सवलत आहे असं मनात न धरता वेग इतका कमी करायचा की थांबता येईल, प्रत्येक बाजूचा माणूस थांबलाय हे बघायचं, मग पुढे. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या रांगा असतात. बैलगाड्यांच्या बाबतीत सायरन लांबून वाजवा आणि जवळ आल्यावर बंद करून फक्त दिवे चालू ठेवा. बैल बिथरले तर गाडी आडवी होते, गाडीवानाचा जीव जातो.

गाडी कुठे उभी करायची

पोहोचण्याआधी धूर कुठल्या दिशेला जातोय ते बघा. गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे हवी. वर तारा नकोत, शेजारी पडायला आलेली भिंत नको. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेला जागा राहिली पाहिजे. तोंड शक्यतो बाहेरच्या दिशेला, म्हणजे पळ काढायची वेळ आली तर रिव्हर्स घ्यावा लागणार नाही. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, हँडब्रेकवर विसंबायचं नाही, कारण पुढचे काही तास इंजिन पंपासाठी गुरगुरत राहणार आहे.

शेतातल्या आगीत एक मोह टाळा: गाडी सरळ रानात घालण्याचा. पाणी दिलेल्या काळ्या रानात भरलेला बंब एकदा रुतला की तो जेसीबी आल्याशिवाय निघत नाही. आणि वाळलेल्या उसात किंवा काडात तापलेला सायलेन्सर स्वतःच आग लावू शकतो. गाडी बांधावर किंवा रस्त्यावर, होज आत.

उभं राहताना आत काय आहे हे विचारायची सवय ठेवा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि त्याच जहाजात स्फोटकंही होती. जवान आग विझवत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. पुष्पचक्र वाहून झालं की त्या दिवशी पाळीतल्या नव्या मुलांना आपल्या हद्दीतली गोदामं, जिनिंग, गॅस एजन्सी, खताची आणि फटाक्यांची दुकानं फिरवून दाखवा, असा माझा आग्रह असतो.

पंप

इथे घाई करू नका. हा भाग यायला महिने लागतात, आणि लागू द्यावेत.

क्रम साधारण असा असतो: गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, क्लच दाबून पी. टी. ओ. (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) टाकायचा, क्लच हळू सोडायचा, टाकीतून पंपात येणारा व्हॉल्व्ह उघडायचा, पंपात पाणी आल्याची खात्री करायची, मग डिलिव्हरी (होजकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) हळू उघडायची आणि शेवटी थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग वाढवायचा. प्रत्येक गाडीत थोडा फरक असतो. पॅनलवर लावलेली पट्टी वाचा आणि त्याच क्रमाने शंभर वेळा करा. पंप कोरडा चालवू नका, सील जळतात. सगळ्या डिलिव्हरी बंद ठेवून बराच वेळ पळवू नका, आतलं पाणी घुसळून तापतं.

डिलिव्हरी झटक्यात उघडली किंवा बंद केली तर धावतं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का होजला, पंपाला आणि ब्रँच धरणाऱ्याला बसतो. शिडीवर उभा असलेला जवान त्या धक्क्याने खाली येऊ शकतो. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश.

दाब किती द्यायचा? नोझलला जेवढा हवा तेवढा, अधिक उंचीचा, अधिक होजमधल्या घर्षणाचा. दर दहा मीटर चढाला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब जातो. घर्षणाचं गणित वेगळं: त्याच होजमधून दुप्पट पाणी पाठवायला गेलात तर तोटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून लांब अंतरावर एकाच लाइनमध्ये जोर लावत बसण्यापेक्षा दोन लाइन टाकून पुढे ब्रीचिंगने जोडणं फायद्याचं. दोन ब्रँच चालू असताना एकाने अचानक बंद केली तर दुसऱ्याच्या हातात दाब उसळतो. त्या वेळी तुमचा हात थ्रॉटलवर असला पाहिजे. पंप चालू असताना चालकाने पॅनल सोडून फोटो काढायला किंवा गर्दी हटवायला जाऊ नये. तहसीलदार आले तरी नाही.

टाकीचा हिशोब तोंडपाठ ठेवा. एका ब्रँचने मिनिटाला ४५० लिटर टाकले तर ४५०० लिटरची टाकी दहा मिनिटांत संपते, दोन ब्रँच असतील तर पाच. म्हणजे पहिल्या मिनिटापासूनच पुढच्या पाण्याची सोय सुरू करायची. अर्धी झाली की सांगा, पाव राहिली की पुन्हा सांगा, आणि ब्रँचवाल्याचं उत्तर आल्याशिवाय सांगून झालं असं धरू नका. पाणी संपणार असेल तर त्याला बाहेर येण्याइतकं पाणी शिल्लक असताना कळलं पाहिजे.

आता सक्शन, म्हणजे विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी उचलणं. पंप पाणी ओढत नाही. प्रायमर नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलतो, तेही आत पूर्ण पोकळी असेल तर. देशावर आपण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर असतो, तिथे त्यातलेही अर्धा-पाऊण मीटर कमी होतात. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच हात टेकतात. आपल्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. विहिरीचं पाणी खाली गेलं की ते मोटर दोर लावून खालच्या टप्प्यावर उतरवतात. आपल्याला बंब विहिरीत उतरवता येत नाही. म्हणून मे महिन्याची पातळी वहीत हवी. त्या महिन्यात ज्या विहिरीचं पाणी नऊ-दहा मीटरवर जातं, ती विहीर आपल्या गाडीसाठी कोरडीच समजा, आणि तिथे शेतकऱ्याचा सबमर्सिबल पंप चालू करून टाकी भरायचा विचार करा.

सक्शन टाकताना जाळी पाण्यात दोन फूट तरी बुडालेली हवी, नाहीतर भोवरा होऊन हवा शिरते. तळाच्या गाळातही ती नको. शेवाळ आणि पालापाचोळा असेल तर जाळी टोपलीत घाला. नळीचा भार दोराने बांधून दोरावर घ्या, कपलिंगवर येऊ देऊ नका. आणि पाण्यापासून पंपापर्यंत नळी सतत चढती ठेवा. मध्ये कमान झाली तर तिथे हवा अडकते आणि प्रायमर कितीही चालवला तरी पाणी येत नाही.

प्रायमिंगला काय चुकतंय ते काटे सांगतात. व्हॅक्यूमचा काटा वरच जात नाही, तर कुठूनतरी हवा येतेय: वॉशर, उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, ड्रेन कॉक. काटा खूप वर गेला पण पाणी नाही, तर जाळी तुंबलीय किंवा पाणी फार खोल आहे. आणि चालू पंपात खडे घोळल्यासारखा आवाज आला की पंप मिळतंय त्यापेक्षा जास्त मागतोय. थ्रॉटल कमी करा. आठवड्यातून एकदा सगळे व्हॉल्व्ह बंद करून, टोप्या लावून, नुसता प्रायमर चालवा, व्हॅक्यूम तयार झाला की बंद करा आणि काट्याकडे बघत राहा. तो झपाट्याने उतरला तर गळती आजच शोधा.

बाकीच्या कवायती

होज ड्रिल, शिडी, दोराच्या गाठी, बी. ए. सेट हे सगळं चालकालाही यायलाच हवं. चार माणसांच्या पाळीत ‘माझं काम फक्त गाडी’ असं म्हणायची सोय नाही. होज उलगडताना नर-मादी कपलिंगची दिशा चुकली तर तीस सेकंद जातात, म्हणून गुंडाळताना कुठलं टोक बाहेर ठेवायचं हे दलात एकच पद्धतीने ठरलेलं असावं. गाठींपैकी बोलाईन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) तरी अंधारात, हातमोजे घालून बांधता आली पाहिजे. आपल्याकडे विहिरीत पडलेल्या माणसाची किंवा जनावराची वर्दी आगीइतकीच ठरलेली असते.

बी. ए. सेटचा हिशोब चालकाने ठेवायचा असतो, कारण बाहेर तोच उरतो. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की त्यात साधारण १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं होतात, पण होज ओढणारा, घाबरलेला माणूस त्याहून बरीच जास्त हवा घेतो. आत जाणाऱ्याचं नाव, वेळ आणि दाब पाटीवर लिहा. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी वाजायची वाट न बघता त्याला वेळेत बाहेर बोलवा.

महिन्यातून एकदा सगळं एकत्र करून बघा: घंटा, टर्न आउट, रस्ता, उभं राहणं, टाकीतून पहिली ब्रँच, मग टाकी संपायच्या आत सक्शनवर बदल, आणि त्या बदलात पुढचं पाणी एक क्षणही तुटू न देणं. पहिल्यांदा तुटेल. पाचव्यांदाही तुटेल. पण हे मैदानात घडतंय तोवर काही बिघडत नाही. हाच सराव रात्री करा, बाजारपेठेत व्यापाऱ्यांना आधी सांगून करा, महावितरणच्या वायरमनला बोलावून करा, कारण पुरवठा बंद झाल्याचा निरोप कोण कुणाला देणार हे त्यालाही ठाऊक हवं. तो निरोप येईपर्यंत विजेच्या उपकरणांवर पाणी नाही. सराव संपल्यावर चहाच्या आधी पाच मिनिटं गोलात उभे राहा आणि कुठे अडलं ते प्रत्येकाने सांगा. सगळ्यात नव्या मुलाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की तो गप्प बसतो.

परत आल्यावर

वर्दी असो की कवायत, स्टेशनला आल्यावर गाडी उलटी आत घ्या, तोंड रस्त्याकडे. ओले होज वाळायला टाका आणि कोरडे चढवा. गढूळ पाणी उचललं असेल तर स्वच्छ पाण्याने पंप धुऊन काढा, ड्रेन उघडून पुन्हा बंद करा. वॉशर मोजा. डिझेल भरा. लॉगबुकात किलोमीटर, पंप किती मिनिटं चालला ते आणि जे काही बिघडलेलं आढळलं ते लिहा. दुरुस्तीची मागणी तोंडी करू नका, लेखी द्या आणि प्रत ठेवा. टाकी भरायला लावा आणि ती भरली हे काचेच्या नळीत स्वतः बघा. हात धुवायला त्यानंतर जा.